स्वभावाला औषध नाही, असं कोण म्हणतं?

"डॉक्टर, माझा स्वभावच तापट. त्याला काय करणार?" रक्तदाब १७०/१००, गोळ्या आठवडाभर बंद, खिशात तंबाखूची पुडी, आणि दोष मात्र स्वभावाचा! आता याला मोबाईलवरच्या चाचण्यांची जोड मिळाली आहे. दहा-वीस प्रश्नांची उत्तरं दिली की 'तुम्ही अमुक प्रकारचे' असा शिक्का बसतो आणि व्यायाम टाळायला आणखी एक सबब मिळते.

या शिक्क्यांचा इतिहास पाहा. १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी 'टाइप ए' ही कल्पना मांडली. सतत घाई, चढाओढ आणि चिडचिड करणारी माणसं म्हणजे टाइप ए. त्यांनी सुमारे ३,१०० पुरुषांची साडेआठ वर्षं पाहणी केली. टाइप ए पुरुषांमध्ये हृदयविकार जवळजवळ दुप्पट आढळला. ही कल्पना जगभर पसरली. पण १९८८ मध्ये त्याच पाहणीतल्या हृदयरुग्णांची पुढची माहिती तपासली, तेव्हा पहिल्या झटक्यातून वाचलेल्यांत टाइप ए रुग्णांचे मृत्यू उलट कमी निघाले.

पुढे कोर्टकचेऱ्यांमुळे सिगारेट कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. टाइप ए संशोधनाला फिलिप मॉरिस कंपनीने वर्षानुवर्षं पैसा पुरवला होता, हे त्यातून दिसलं. 'हृदय बिघडतं ते सिगारेटने नव्हे, स्वभावाने' असं लोकांना वाटलं, तर फायदा कोणाचा, हे वेगळं सांगायला नको.

मग स्वभाव म्हणजे सगळं थोतांड का? नाही. जुळ्यांवरील अभ्यास सांगतात की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण निम्म्यामागे आनुवंशिकता असते. शिस्तशीर माणसं सरासरीने जास्त जगतात, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. रागाचा हृदयाशी काही संबंध आहेच. पण स्वभाव हा खण नसतो, उंचीसारखा कमी-जास्त असतो. बहुतेक माणसं मध्ये कुठेतरी असतात. आणि उंचीसारखा तो कायमचा ठरूनही जात नाही. वय, जबाबदारी आणि प्रयत्न यांनी बदलतो.

शिवाय सवय लावायला स्वभाव बदलावाच लागतो असं नाही. लंडनमधल्या एका अभ्यासात रोजची नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५० च्या वर. म्हणजे वेळ कमी-जास्त लागेल, इतकंच.

स्वभावाचा खरा उपयोग रस्ता निवडण्यासाठी करा. माणसांत रमत असाल तर चालायला सोबती शोधा. एकटं राहणं आवडत असेल तर पहाटे एकटे निघा. विसरभोळे असाल तर गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवा. तापट असाल तर आधी तंबाखू सोडा, मग रागाचं बोलू.

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण तुम्ही गमतीने म्हणता. पण तंबाखू आणि वाढलेला रक्तदाब तुमची म्हण ऐकून थांबत नाहीत. रक्तदाबाची गोळी टाइप ए आणि टाइप बी दोघांवरही काम करते. फक्त ती घ्यावी लागते.