‘अलाइनमेंट करवा लो, हो जाएगा’

अंबाला छावणीत डिसेंबर काढलेल्यांना तिथलं धुकं सांगायला नको. आपल्याच गाडीचं बॉनेट दिसत नाही, आणि उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच याची खात्री नाही. गेल्या हिवाळ्यात जी. टी. रोडवर अशीच एक ट्रॉली अचानक समोर उगवली. वेग तीसच्या आसपास असेल. मी गाडी काढली आणि पुढचं डावं चाक दुभाजकाच्या कठड्यावर आदळलं. बंपरला ओरखडा, व्हीलकॅप गायब. सौ. आणि मुलगी बसल्या होत्या, दोघी ठीक. ‘थोडक्यात निभावलं’ म्हणून घरी आलो.

चार दिवसांनी वीस दिवसांची रजा सुरू होणार होती. साताऱ्यापर्यंत गाडीनेच जायचं ठरलेलं. पण आता स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे ओढायची, आणि गाडी सरळ चालवायची तर स्टिअरिंग वाकडं. गावातल्या गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत निकाल दिला, ‘अलाइनमेंट करवा लो साब, हो जाएगा.’ करून घेतलं. स्टिअरिंग सरळ झालं, हातात कागद आला. त्यावर डाव्या चाकाचे दोन आकडे लालच होते. विचारलं तर म्हणाला, ‘वो तो रहता है.’

माझा आक्षेप नेमका या ‘रहता है’वर आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत अलाइनमेंटवाला पुढच्या चाकांचा फक्त टो बदलतो, म्हणजे चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते. टायरॉड फिरवला की झालं. कॅम्बर आणि कास्टर, म्हणजे चाकाचा उभा कल आणि चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढेमागे कल, हे त्या गाड्यांत पान्याने बदलत नाही. ते लाल असतील तर लोखंड कुठेतरी वाकलंय. टो जुळवून स्टिअरिंग सरळ केलं म्हणजे ताप उतरवला, दुखणं आतच.

आमच्या एलएडीतला एक हवालदार, केरळचा, अबोल माणूस. रविवारी क्वार्टरवर चहाला बोलावलं. (सरकारी पाना लावला नाही, हे आधीच सांगतो. आमचे जुने सुभेदार साहेब वाचत असतात.) त्याने आधी सुतळी मागितली. चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत उजवीकडचं माप घेतलं आणि तीच सुतळी डावीकडे लावली. बोटभर उरली. म्हणजे डावं चाक मागे सरकलं होतं. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवून त्याने टायरच्या आतल्या बाजूने हात घातला आणि माझा हात धरून तिथे लावला. लिंबाएवढा फुगवटा. बाहेरून टायर नव्यासारखा. टायरच्या भिंतीतले धागे तुटले की हवा तिथे रबराला बाहेर ढकलते, आणि त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. ‘साब, इसपे हाईवे नहीं,’ एवढंच बोलला.

त्या टायरवर मी बायको-मुलीला घेऊन दीड हजार किलोमीटरच्या वर जाणार होतो, आणि खिशात अलाइनमेंटचा कागद होता.

युनिटमध्ये ठोकर खाल्लेली गाडी तपासणी होईपर्यंत ऑफ रोड असते. मग तिथे ड्रायव्हर कितीही म्हणो, ‘साहेब, चालतेय.’ स्वतःच्या गाडीला मात्र आपण हा नियम लावत नाही, कारण मध्ये रजा असते. रजेचा एक दिवस गॅरेजमध्ये गेला तर जीव जळतो. माझा एक मित्र म्हणाला, माझी गाडी वर्षभर डावीकडे ओढत होती, काय झालं? काही झालं नाही, खरं आहे. त्याच्या नशिबावर मी माझी गाडी चालवावी का, एवढंच मला विचारायचं होतं.

विम्याचंही तसंच. नो क्लेम बोनस जाईल म्हणून मी आधी क्लेमच करणार नव्हतो. केला, तर सर्व्हेअर आला आणि बंपर लिहून निघाला. मी अडवलं, ‘आधी गाडी लिफ्टवर घ्या.’ लोअर आर्म वाकलेला आणि स्ट्रटमधून तेल गळतंय हे खालून लगेच दिसलं. टायरचे निम्मे पैसे मिळाले. त्याच अपघातात गाडीचं नुकसान झालं असेल तर तेवढे मिळतात. एक लक्षात ठेवा, सर्व्हे होण्याआधी काही उघडू नका. आणि दुरुस्ती न करता चालवत राहिलात तर पुढे वाढलेलं नुकसान तुमच्या खिशातून. रिम लोखंडी होती म्हणून नवी सहज मिळाली. अलॉय असती आणि कोणी तापवून ठोकून सरळ करतो म्हणाला असता, तरी मी दिली नसती. तडा जातो, आणि तो दिसेलच असं नाही.

हे सगळं रजेनंतर. रजेला आम्ही झेलमने गेलो, एमसीओच्या कृपेने तीन बर्थ मिळाल्या, एकत्र नव्हे. ‘अहो, गाडी असती तर रात्री घरी असतो,’ असं सौ. दौंडपर्यंत दोनदा म्हणाली. परत आल्यावर मी तिला गॅरेजमध्ये नेलं आणि काढलेला आर्म तिच्या हातात दिला. तिने तो नव्याशेजारी धरून पाहिला आणि विचारलं, ‘मागच्या टायरांना हात लावून बघितलात का?’

बघितले नव्हते.