धारगळचे घुमट आणि नवे संगीत

डिसेंबर 2024 च्या अखेरीस गोव्यातील पेडणे तालुक्यात, धारगळ या गावी ‘सनबर्न’ नावाचा विद्युत्-संगीताचा महोत्सव तीन दिवस झाला. त्यावरून गावात तट पडले, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी महोत्सवाने मुंबईची वाट धरली. विरोधकांचे म्हणणे असे की, हे आमचे संगीत नव्हे. म्हणणे खोटे नाही. परंतु मग आमचे संगीत कोणते आणि त्यात नवे काय घडते आहे, हा प्रश्न त्या गदारोळात मला तरी ऐकू आला नाही.

पेडणे 1788 पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. पोर्तुगीज आले तरी भजन आणि दशावतार यांच्याशी त्याचे नाते सुटले नाही. तिकडे चतुर्थीच्या दिवसांत आठदहा मंडळी घुमट, शामेळ आणि कांसाळे घेऊन घरोघर आरत्या म्हणत जातात. चारसहा वादकांनी दिवाणखान्यात बसून वाजवावयाच्या संगीताला युरोपात ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात, म्हणजे खोलीतले संगीत. त्याचे केवढे कौतुक! आमच्या गणपतीच्या खोलीतही तेच चालते. फरक इतकाच की येथे वादक आणि श्रोता यांच्यामध्ये भिंत नसते. झांज रिकामी दिसली की शेजारी ती उचलतो.

घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे मडके. मोठे तोंड कातड्याने मढविलेले, लहान उघडे. उजव्या हाताने कातड्यावर थाप द्यावयाची आणि डाव्या तळव्याने लहान तोंड झाकीत-उघडीत नाद घुमवावयाचा. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि वाद्यावर गंडांतर आले. पुढे बकऱ्याचे कातडे आले, आणि 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला. ठीकच झाले. पण वारसा म्हटला की आपण वस्तू कपाटात ठेवतो, ही आपली खोड आहे. आता गावोगाव घुमट-आरतीच्या स्पर्धा होतात. त्यांनी तरुण मुले आणि बायका वाद्याकडे वळल्या, हे मान्य. परंतु स्पर्धेत लय चढविणाऱ्याला टाळ्या पडतात, नवी चाल बांधणाऱ्याला नव्हे.

बडोदेकरांस हे वेगळे सांगावयास नको. आपल्याकडे कलावंत कारखाना होता, 1886 साली मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. पण मला या प्रसंगी दुसरेच संस्थान आठवते. 1918 च्या तापसाथीत पोरक्या झालेल्या मुलांना जमवून अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहरला वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नळतरंग केला आणि मुलांसाठी स्वतः नव्या रचना बांधल्या. त्या पोरांना जुने गोत उरले नव्हते. नव्या संगीताने ते दिले. दरबाराचा आश्रय होता, हे खरे. पण तो वाद्यांच्या आरासीसाठी नव्हता, रचनेसाठी आणि शिकवणीसाठी होता.

धारगळलाही आज नवे गोत जुळवावयाची वेळ आहे. शेजारच्या मोप्याहून जानेवारी 2023 पासून विमाने उडतात, गावात आयुर्वेदाची मोठी संस्था आली आहे, नोकरीसाठी परमुलखातली माणसे येऊन राहात आहेत. त्यांना आमच्या आरत्या पाठ नाहीत आणि असाव्यात असा हट्टही नको. पण घुमटाचा ठेका शिकावयास भाषा लागत नाही.

महोत्सवाला विरोध करणाऱ्यांनी, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनीही, आता एवढे करावे. स्पर्धेच्या बक्षिसांतला निम्मा पैसा काढून एखाद्या जाणत्या रचनाकाराला वर्षभर गावात राहावयास बोलवावे. त्याने घुमट, शामेळ आणि कांसाळे यांसाठी नवी रचना बांधावी; तीत दोनचार जागा अशा ठेवाव्यात की काल गावात आलेल्या माणसालाही हात लावता येईल. काही रचना फसतील, म्हातारी मंडळी नाके मुरडतील; मुरडू द्यावीत. आणि ती रचना प्रथम रंगमंचावर नको. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरी, आरती संपून प्रसाद वाटण्यापूर्वी वाजावी.