“काम काय करतोस?” हे न विचारणारा डॉक्टर आम्हाला नको!

साथींनो,

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या ऑफिसात एक साथी आला. रेल्वे कारखान्याच्या ओतशाळेत तेवीस वर्षे फेटलिंगचे काम, म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतिवावरची जळकी वाळू घासून-ठोकून काढण्याचे काम, त्याने केले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. तेवढे चढताना तो तीन वेळा थांबला. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात सहा वर्षांचे एक्स-रे. त्याचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण असे साथी एकट्या आमच्या कारखान्यात नाहीत. भारतभर जिथे जिथे रेल्वेचा रूळ आणि कारखाना आहे, तिथे तिथे ते आहेत.

या सहा वर्षांत त्याने काय केले? आधी दवाखान्यात खोकल्याचे औषध. मग “अ‍ॅलर्जी आहे” म्हणून गोळ्या. मग खासगी डॉक्टरने सांगितलेला दमा. मग टी.बी.चा कोर्स. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी “एक्स-रेमध्ये डाग आहेत” म्हणून कोर्स दिला. उतार पडला नाही म्हणून पुन्हा दुसऱ्यांदा तोच कोर्स. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, बायकोची पाटली गेली, आणि रजा संपून बिनपगारी सुरू झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

शेवटी भांडून रेफर पत्र मिळवले आणि तो छातीविकारतज्ज्ञाकडे पोहोचला. त्या डॉक्टरने स्टेथोस्कोप लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, “काम काय करता?” सहा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. फुंकणीच्या यंत्राची तपासणी झाली, छातीचा सी.टी. स्कॅन झाला, आणि रोगाचे नाव निघाले सिलिकोसिस. वाळूच्या धुळीने फुप्फुसात गाठी होतात, फुप्फुस कडक होते. ते पुन्हा मऊ करणारे औषध जगात नाही. धुळीतून लवकर बाहेर काढणे हाच मुख्य उपाय, आणि त्याची सहा वर्षे आधीच गेली होती.

साथींनो, इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यांत “तुझा धंदा कोणता?” हाही विचारा, असे त्याने तेव्हाच्या डॉक्टरांना बजावले. त्याला तीनशे वर्षे उलटली. आमच्या केसपेपरवर नाव, वय, तिकीट नंबर, सगळे असते. पण हा माणूस वाळूत उभा असतो, खडीच्या धुळीत असतो की सिमेंटची वाघीण रिकामी करतो, ते लिहायला जागा नसते. याला आम्ही निव्वळ विसरभोळेपणा समजत नाही.

टी.बी. सोयीची, सिलिकोसिस गैरसोयीची

टी.बी. झाली तर दोष कोणाचा? कोणाचाच नाही. घर कोंदट, खाणे निकृष्ट, नशीब खोटे. पण सिलिकोसिस म्हटले की धूळ आली. धूळ आली की ती कोणी उडवली, पाण्याचा फवारा का नव्हता, धूळ ओढणारा पंखा का बंद होता, हे प्रश्न आले. आणि पाठोपाठ नुकसानभरपाई आली.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात धंद्यामुळे होणाऱ्या रोगांची यादी होती. तिच्यात सिलिकोसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस होते. सिलिकोसिससह झालेली टी.बी.सुद्धा होती, मात्र अपंगत्वाला किंवा मृत्यूला सिलिकोसिस हे महत्त्वाचे कारण असले पाहिजे, अशी अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लादल्या गेल्या. त्यांना आमचा विरोध आहे आणि राहील. पण ही यादी सामाजिक सुरक्षा संहितेतही आलेली आहे. आता हिशेब करा. कागदावर नुसती “टी.बी.” लिहिली तर कामगाराच्या हातात औषधाची पुडी. “सिलिकोसिस व टी.बी.” असे लिहिले तर त्याच्या कुटुंबाचा हक्क. दोन शब्दांचा फरक, पण त्यात एका घराचे भवितव्य आहे. म्हणून योग्य डॉक्टर मिळणे ही नशिबाची गोष्ट नाही, ती हक्काची लढाई आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हेही स्पष्ट करतो की टी.बी. खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. सिलिकाच्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसाला टी.बी. जास्त लवकर धरते. जंतू सापडले तर कोर्स पूर्ण घ्यावाच लागतो, मध्ये सोडायचा नाही. आमचे भांडण एवढेच की टी.बी.च्या पडद्याआड धूळ लपवू नका.

मग योग्य डॉक्टर कोण?

एम.डी.ची पाटी मोठी म्हणून तो योग्य, असे नाही. महिना-दोन महिने खोकला हटत नाही, चढ चढताना दम लागतो, पूर्वी सहज उचललेली पहार आता जड वाटते, अशा कामगाराला छातीविकारतज्ज्ञच लागतो. त्याने कामाचा पूर्ण इतिहास विचारला पाहिजे. फुंकणीची तपासणी केली पाहिजे, कारण नुसत्या एक्स-रेवरून फुप्फुसाची ताकद कळत नाही. एक्स-रे वाचणाराही जाणकार हवा. धुळीच्या रोगांचे एक्स-रे वाचण्याची आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची, म्हणजे आय.एल.ओ.ची, ठरलेली पद्धत आहे, नमुन्याच्या फिल्मशी ताडून पाहायची. “डाग आहेत” एवढे म्हणणे म्हणजे वाचन नव्हे.

आणि जिथे रोग धंद्याचा आहे की नाही यावर वाद होतो, तिथे औद्योगिक आरोग्याचा जाणकार लागतो. अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, तिचे केंद्र बंगळूर येथे आहे. मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. दिल्लीत वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. या संस्था आमच्या-तुमच्या पैशातून उभ्या आहेत. मग खडगपूरचा, भुसावळचा किंवा हुबळीचा कामगार तिथे का पोहोचत नाही?

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, तो प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. कामगारांची फेरतपासणी अहमदाबादच्या त्याच संस्थेकडून करून घ्या, रोग निघाल्यास एक लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश दिला. आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोपर्यंत जपा, असेही बजावले. म्हणजे योग्य तज्ज्ञाकडे पाठवणे ही मेहेरबानी नाही, हे न्यायालयानेच सांगितले. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण चढवणारे-उतरवणारे आमचे जुने साथी आज निवृत्त आहेत. हा रोग वीस-तीस वर्षांनीही डोके वर काढतो. त्यांची नोंद कोणाकडे आहे, ते प्रशासनाने सांगावे.

कायद्यात भोके आहेत, हेही जाणून घ्या. १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसचा रोगी पाहणाऱ्या डॉक्टरवर कारखाने निरीक्षकांना लेखी कळवण्याची सक्ती केली होती, आणि नव्या संहितेतही अशी तरतूद आहे. पण रेल्वेची रनिंग शेड “कारखाना” या व्याख्येतून बाहेर! खडी उपसणारी गँग तर कारखान्यात मोडतच नाही. आणि ठेकेदाराचा मजूर? त्याला रेल्वेचा दवाखानाही नाही. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातमध्ये गोध्र्याच्या बाजूला गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि धूळ घेऊन मरायला गावी परतले. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांना तीन-तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला, पण माणसे मेल्यावर. राजस्थान सरकारने २०१९ साली या रोगासाठी धोरण केले आणि दाखला देणारी वैद्यकीय मंडळे चालवली. एका राज्याला जे जमते ते रेल्वेला का जमू नये?

आमचेही चुकले

काही साथी विचारतात, “युनियनचे काम बोनसचे, महागाई भत्त्याचे. डॉक्टर शोधणे हे काय युनियनचे काम?” आम्ही उलट विचारतो, ज्याला श्वास घेता येत नाही तो वाढीव महागाई भत्त्याचे काय करणार? खरे तर आम्हीही दोषी आहोत. साथी सिकमध्ये गेला की तो त्याच्या घरचा प्रश्न, असे आम्ही मानले. प्रमोशनच्या फायली आमच्या कपाटात नीट लावलेल्या आहेत, पण कोणत्या शॉपमध्ये किती जणांना दम लागतो याचे एक पान नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. “छातीचे निघाले तर अनफिट करतील” म्हणून आमचे गँगमन खोकला गिळतात. साथींनो, मेडिकल डीकॅटेगराइज झालेल्या कामगाराला पर्यायी काम आणि पगाराचे संरक्षण देण्याचे नियम रेल्वेच्याच नियमपुस्तकात आहेत. तो नियम पाळून घ्यायला युनियन आहे. पण गिळलेला खोकला परत देणारा नियम कुठेच नाही.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक केसपेपरवर कामाचा प्रकार, धुळीचा प्रकार आणि वर्षे लिहिलीच पाहिजेत.
२. धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाची, ठेकेदाराच्या मजुरासह, दरवर्षी फुंकणीची तपासणी आणि ठरावीक मुदतीने एक्स-रे. अहवालाची प्रत कामगाराच्या हातात.
३. दीर्घ खोकला व दम असणाऱ्यास छातीविकारतज्ज्ञाकडे लेखी रेफर. नाकारल्यास कारणही लेखी.
४. धंद्याच्या रोगाचा संशय असल्यास व्यावसायिक आरोग्य संस्थेकडे पाठवण्याचा खर्च प्रशासनाचा.
५. निवृत्तांनाही हीच तपासणी.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. आजच एक कागद घ्या. कोणत्या साली कोणत्या शॉपमध्ये किंवा गँगमध्ये होतो, कसली धूळ होती, तोंडावर काय होते, ते लिहा. जुने एक्स-रे टाकू नका. डॉक्टरने विचारले नाही तर आपण होऊन सांगा. एकटे जाऊ नका, शाखेचा माणूस बरोबर न्या. आणि एकदा योग्य डॉक्टर सापडला की दर महिन्याला नवा बदलू नका.

आमचा तो साथी आता स्टोअरमध्ये हलक्या कामावर आहे. भरपाईचा दावा लावला आहे, निकाल लागायचा आहे. तो ऑफिसात येतो तेव्हा आता आम्हीच खाली उतरून जिन्यापाशी बसतो. पण त्याच्या जागी ओतशाळेत चोवीस वर्षांचा नवा पोरगा लागला आहे. त्याने सहा वर्षे भटकू नये, एवढ्यासाठी ही लढाई.

कामगारांची एकजूट झिंदाबाद!