शब्दाची जात कोण ठरवतो?



राजापेठच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही संध्याकाळी मुलांचा इंग्रजीचा वर्ग घेतो. सातवीतल्या एका मुलीला 'नाऊन'ची व्याख्या विचारली. तिने एका दमात म्हणून दाखवली. मग फळ्यावर 'बुक' लिहून त्याची जात विचारली. "नाऊन!" सगळे ओरडले. त्याखाली 'बुक अ तिकीट' लिहिले आणि वर्ग गप्प झाला.

मराठी व्याकरणात 'पार्ट्स ऑफ स्पीच'ला 'शब्दांच्या जाती' म्हणतात. जात म्हटली की ती जन्माची, कायमची, हेच मुलांच्या मनात बसते. पण इंग्रजीत 'बुक' कधी नाम असते, कधी क्रियापद. वाक्यात तो काय काम करतो, त्यावर सगळे ठरते. म्हणून आम्ही वर्गात 'जात' हा शब्दच सोडला. 'शब्दाचे काम' म्हणतो. यावरून कुणी गुणकर्माच्या चातुर्वर्ण्याची भलामण करू नये. बाबासाहेबांनी तेही 1936 सालीच खोडून काढले आहे. कामावरून वर्ग पाडायचे ते शब्दांचे, माणसांचे नाही.

आमचा खेळ साधा आहे. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर एकेक शब्द लिहायचा आणि एकेका मुलाच्या हाती द्यायचा. आधी मराठी वाक्य उभे करायचे: पुस्तक, टेबला, वर, आहे. मग तेच इंग्रजीत. 'आहे'वाला रांगेच्या शेवटून मध्ये येऊन 'इज' होतो. 'वर'वाला टेबलाच्या मागून धावत पुढे येतो आणि 'ऑन' होतो. परवा एका पोराने विचारले, "दादा, मराठीत 'वर' मांगं होता, इंग्रजीत तो समोर काहून आला?" त्याच्या या प्रश्नातच प्रीपोझिशनचा अख्खा धडा आला. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे जोडले जाते, इंग्रजीतले नामाच्या आधी येते. हे व्याख्येने कळले नसते, पायांनी कळले.

काही पालक म्हणतात, अभ्यासाच्या वेळी खेळ कशाला? आम्हीही शाळेत व्याख्याच पाठ केल्या होत्या. मार्क मिळाले, पण एम. ए.ला समाजशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडले तेव्हा एक पान वाचायला तास लागायचा. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आली. तरी वस्तीतल्या मुलाची भीती गेली नाही, कारण विषय आला आणि शिकवण्याची रीत घोकंपट्टीचीच राहिली. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात, त्याचे घोकंपट्टीने फारसे बिघडत नाही. आपल्या मुलाचे वर्षच जाते.

सावित्रीमाईंनी 1854 च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारली, फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी इंग्रजीतूनच जगाशी वाद घातला. त्यांच्या जयंतीला डीजेवर खर्च करणाऱ्या मंडळांना आमची एकच विनंती आहे. थोडे पुठ्ठे, दोन स्केचपेन आणि रविवारचा एक तास. प्रत्येक विहारात हा खेळ सुरू करा. 'शिका' हा आदेश घोषणेत खूप दिला, आता तो वर्गात उतरवू या.

जयभीम!