सहलीचे कपडे आणि एक हिशोब



मार्च संपत आला की आपल्या बायकांच्या बोलण्यात दोनच विषय असतात, पापड आणि सहल. पापड हल्ली बऱ्याच जणी बाहेरूनच करून घेतात. सहल मात्र घरोघरी आहे, आणि तीही परदेशाची. बँकॉक-पट्टाया, सिंगापूर, बाली, दुबई. तिकिटं निघाली की दुसऱ्या दिवसापासून खरेदी सुरू. सहा दिवसांच्या सहलीला बारा ड्रेस, कारण सकाळचा फोटो वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा. शिवाय आजोबांपासून तीन वर्षांच्या नातवापर्यंत सगळ्यांचे एकसारखे छापील टी-शर्ट, त्यावर सहलीचं वर्ष.

मला स्वतःला नटायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. परदेशात गबाळं दिसावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण माझं ठाम मत आहे की परत आल्यावर जो कपडा आपण अंगाला लावणार नाही, तो सहलीसाठी म्हणून विकत घेऊ नये.

आपल्याकडे भोगोपभोग परिमाण व्रत आहे. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी भोग आणि उपभोग यांतला फरक अगदी घरगुती उदाहरणांनी सांगितला आहे. एकदा वापरलं की संपतं तो भोग, जसं जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसं वस्त्र. म्हणजे कपडा ही मुळातच पुन्हा वापरायची वस्तू. एका फोटोपुरता घातला आणि कपाटात कोंबला, की आपण त्याला जेवणाच्या पंगतीत बसवलं. मी बी.कॉम. झाले तेव्हा कॉलेजात हीच गोष्ट भांडवली खर्च आणि महसुली खर्च या नावानं शिकवत. नोकरी काही केली नाही, पण हिशोब डोक्यातून जात नाही. १,२०० रुपयांचा सुती कुर्ता दोन उन्हाळ्यांत साठ वेळा घातला तर एका वेळेचे २० रुपये पडले. १,८०० चा झगमगीत ड्रेस एकदाच घातला तर एका वेळेचे १,८००. मग स्वस्त कुठला?

आता उन्हाचं. मागच्या एप्रिलमध्ये आम्ही घरचे नऊ जण बँकॉकला गेलो होतो. जायच्या आधी सगळे म्हणत होते, आपल्याला उन्हाची सवय आहे, त्यात काय! सोलापूर-लातूरला पारा ४० च्या वर जातो हे खरं, पण ते ऊन कोरडं. घाम येतो आणि वाळतो. बँकॉकला एप्रिल हा वर्षातला सगळ्यात उष्ण महिना. पारा ३५-३६ च्या आसपास, आकडा आपल्यापेक्षा कमी, पण हवा इतकी दमट की घाम वाळायचं नावच घेत नाही. तिथं कपड्याचा पोत महत्त्वाचा. कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा हवेतून धरतो, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पॉलिस्टरच्या टॉपमध्ये घाम पाठीवरून ओघळत राहतो. पण नुसतं 'कॉटन' वाचूनही फसू नका. जीन्सही कॉटनचीच असते. ती भिजली की दिवसभर वाळत नाही, आणि एकेक जोडी अर्धा-पाऊण किलोची. पातळ, सैल, हवा खेळेल असा सुती कपडा हवा. मलमल सगळ्यात उत्तम. दुकानात मऊ आणि झुळझुळीत म्हणून हातात ठेवतात ते पुष्कळदा रेयॉन असतं. अंगाला ते गार लागतं, पण ओलं असताना त्याचा धागा कमजोर होतो, त्यामुळे रात्री हॉटेलात धुऊन जोरात पिळलं की त्याचा आकार गेला. सुताचं उलटं आहे, ओलं सूत जास्त बळकट.

वजनाचा मुद्दा आपल्या घरांत इतरांपेक्षा जास्त. आमच्या तिकिटावर माणशी २० किलो सामान होतं, आणि नऊ जणांत दोन अख्ख्या बॅगा खाण्याच्या. खाकरे, दशम्या, भडंग, मुगाचे लाडू, मेतकूट, छोटा इलेक्ट्रिक कुकर. कंदमुळं चालत नाहीत, रात्रीभोजनाचा त्याग, आणि तिथं एप्रिलमध्ये साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा आपण नेमके बसमध्ये असतो. हे सामान कमी करता येत नाही. मग कमी काय होणार? कपडेच. माझ्या बॅगेत तीन कुर्ते, दोन सलवारी, एक मलमलची साडी, दोन ओढण्या आणि जाप्याला बसताना नेसायचं एक वेगळं धूतवस्त्र, एवढंच होतं. कुर्ते निळ्या-तांबड्या अजरखचे, दोन्ही सलवारी गडद निळ्या, म्हणजे कुठलाही कुर्ता कुठल्याही सलवारीवर. छापील कपड्यावर सुरकुती आणि घामाचा डाग दिसत नाही. पांढरा रंग उन्हाला बरा असतो, पण ओला झाला की आरपार दिसतो. ओढणीचे उपयोग तर विचारू नका. बाहेर ऊन, आणि स्काय ट्रेन किंवा मॉलमध्ये शिरलं की एसीनं हुडहुडी, तिथं तीच शाल.

ग्रँड पॅलेसला तर ओढणीनं फारच सोय केली. १७८२ साली बांधायला घेतलेला तो राजवाडा, त्याच्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं मंदिर. तिथं उघडे खांदे, उघडे गुडघे, पारदर्शक कपडा चालत नाही. आमच्या बसमधल्या दोघी-तिघी खास या सहलीसाठी घेतलेल्या स्लीव्हलेस ड्रेसमध्ये होत्या. त्यांना दारातून मागं फिरून वर गुंडाळायला फुलाफुलांचं कापड विकत घ्यावं लागलं, आणि फोटोत ते कापडच आलं. आत गेल्यावर कळलं की त्या मूर्तीचे पोशाख ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्याचा, पावसाळ्याचा आणि हिवाळ्याचा, आणि तो विधी राजाच्या हातून होतो. देवाला वर्षाला तीन आणि आपल्याला सहा दिवसांत बारा! मी हे सुनेच्या कानात म्हटलं, तर ती भर मंदिरात हसली.

आता थोडं नाजूक बोलते. माझ्या जाऊबाई एकाहत्तर वर्षांच्या. जन्म साडीत गेला. मुलानं हौसेनं त्यांच्यासाठी जीन्स आणि टॉप आणले, "आई, तिकडे साडी कोण नेसतं?" म्हणून. हौस खरी होती, त्याला नावं ठेवत नाही. पण पहिले दोन दिवस बाई सारखा टॉप खाली ओढत होत्या. प्रत्येक फोटोत सगळ्यांच्या मागं, नुसतं डोकं दिसेल अशा. वाट फोला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघायला सगळे उतरले, आणि या "पाय दुखतात" म्हणून बसमध्येच बसल्या. तिसऱ्या दिवशी आपली सुती साडी नेसल्या आणि चतुचकच्या बाजारात आम्हाला मागं टाकून पुढं चालत होत्या. एवढे पैसे खर्चून आईला परदेश दाखवायचा आणि तिला लपून बसायला लावायचं, यात काय मिळवलं?

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जिला पँट घालायची हौस आहे, तिला "या वयात?" असं कुणी विचारू नये. माझी एक मैत्रीण पासष्टाव्या वर्षी सैल सुती पँट आणि लांब शर्ट घालून फिरली, फार छान दिसत होती. आणि खरं सांगायचं तर खूप चालायचं असेल तेव्हा साडीपेक्षा सलवार सोयीची. मलमलची साडी हलकी म्हणावी, तर परकर-ब्लाउज धरून वजन होतंच, आणि बोटीत चढताना निऱ्या सांभाळाव्या लागतात. मी एकच नेली ती म्हणूनच. तिनं काय घालावं हे तिला विचारून ठरवा, एवढंच माझं मागणं, मग ती सासू असो की सून.

समुद्रावर मात्र माझा सुताचा आग्रह नाही. पाण्यात सुती कपडा जड होतो, अंगाला चिकटतो आणि पायांत अडकतो. ज्यांना पाण्यात उतरायचं आहे त्यांनी नायलॉनचा अंगभर पोहण्याचा पोशाख घ्यावा, तो पुढच्या दहा वर्षांत पुन्हा वापरता येतो.

खरेदी करणारच असाल तर लेबल बघा. महेश्वरी, चंदेरी, कोटा ही नावं आपण सुती समजून घेतो, पण त्यांत बहुतेक वेळा रेशमाचा धागा असतो, आणि रेशमासाठी कोशातल्या अळीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. चपलांचंही तसंच. कोल्हापुरी कितीही शोभली तरी ती चामड्याची. तिथल्या देवळांत दर वेळी चपला काढाव्या लागतात, म्हणून रबरी तळव्याची, पट्टा एका झटक्यात निघेल अशी सँडल घ्या. बुटांत आतून चामड्याचे तुकडे असतात, तेही विचारा.

तीन कुर्त्यांत सहा दिवस कसे निघतात, असं मला बऱ्याच जणी विचारतात. रात्री धुवायचं, पिळायचं, मग हॉटेलच्या कोरड्या टॉवेलात सुरळी करून वरून पायानं दाबायचं. टॉवेल पाणी ओढून घेतो आणि मलमल एसीच्या खोलीत सकाळपर्यंत वाळते. बरोबर चार मीटर नायलॉनची दोरी न्या. बँकॉकमध्ये नाणं टाकून कपडे धुवायची दुकानंही जागोजागी आहेत, लेकुरवाळ्यांना ती बरी. एक जोडी कपडे आणि एका वेळचं खाणं मात्र विमानात आपल्याजवळच्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा कधी उशिरा येतात.

आणि ते छापील टी-शर्ट मागच्या वर्षीचे घरात असतील, तर तेच न्या. त्यावरचं साल फोटोत कोण वाचतंय!