विश्लेषण : गाडीचा ‘मेंदू’ बदलला, तरी गाडी सुरू का होत नाही?

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात अडकलेली गाडी गॅरेजमध्ये नेली, की कधी कधी उत्तर मिळते : ‘ईसीएम गेला’. हा सुटा भाग मिळाला, बसवला, तरी गाडी सुरू होत नाही. कारण खरी अडचण सॉफ्टवेअरची असते. त्या सॉफ्टवेअरवर हक्क कोणाचा, हा वाद जगभर सुरू आहे.

ईसीएम काय करतो?

इंजिन कंट्रोल मॉड्यूल म्हणजे इंजिनाचा संगणक. अनेक जण त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाचा वेग, आत येणारी हवा, तापमान, धुरातील ऑक्सिजन यांची माहिती सेन्सरकडून घेऊन इंधन किती आणि केव्हा सोडायचे, हे तो ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर त्याचे महत्त्व आणखी वाढले.

नुसता बदलून का भागत नाही?

नव्या मॉड्यूलमध्ये त्या मॉडेलचे सॉफ्टवेअर भरावे लागते. बहुतेक गाड्यांत १७ अंक-अक्षरांचा ओळख क्रमांकही नोंदवावा लागतो. इमोबिलायझर असलेल्या गाडीत किल्लीतील चिपची ओळख पटली नाही, तर इंजिन चालत नाही. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोडही द्यावा लागतो. हे काम सुरू असताना बॅटरीचा दाब घसरला, तर नवे मॉड्यूलही निकामी होऊ शकते.

वाद कशावरून?

ही साधने आणि परवानग्या प्रामुख्याने कंपन्या व त्यांच्या अधिकृत केंद्रांच्या हाती असतात. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याला पुढे आव्हान देण्यात आले. २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत वाहनेही आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२ मध्येच वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला.

कंपन्यांचे म्हणणे काय?

सॉफ्टवेअर खुले केल्यास चोरी आणि प्रदूषण नियंत्रणात छेडछाड वाढेल, असे कंपन्या सांगतात. ही भीती निराधार नाही. मात्र, २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणात चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणारे सॉफ्टवेअर कंपनीनेच बसवले होते. म्हणजे कुलूपबंद सॉफ्टवेअर प्रामाणिक असेलच, असे नाही.

ग्राहकाने काय पाहावे?

मॉड्यूल बदलण्याआधी फ्यूज, वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे. दोष तेथेही असू शकतो. सुट्या भागाचा आणि प्रोग्रामिंगचा खर्च वेगवेगळा लिहून मागावा. जुने मॉड्यूल टाकून देऊ नये, त्यातील माहिती काही वेळा नव्यात उतरवता येते. पाण्यामुळे इंजिनाचे झालेले नुकसान विम्यात धरले आहे का, हेही पावसाळ्यापूर्वीच पाहावे. गाडी मालकाची असली, तरी ती सुरू करण्याची परवानगी कंपनीकडेच राहणार असेल, तर दुरुस्तीचा दरही कंपनीच ठरवणार.