‘दिसले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

भौतिकीच्या प्रयोगात अपेक्षित परिणाम मिळाला नाही, की विद्यार्थी वहीत ‘परिणाम दिसत नाही’ असे लिहून मोकळे होतात. त्यांना मी एक्स गुणसूत्राची हकिकत सांगतो.

१९६९ साली अमेरिकेत हर्बर्ट लब्झ यांना एका कुटुंबातील बौद्धिक अक्षमता असलेल्या पुरुषांच्या एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ खाच आढळली. पुरुषात हे गुणसूत्र एकच. त्यातील उणीव भरून काढणारे दुसरे नसते. पुढे इतर प्रयोगशाळांत मात्र ही खाच पुष्कळदा दिसेना. त्याचे कारण १९७७ साली ऑस्ट्रेलियातील ग्रँट सदरलँड यांनी दाखवले. पेशी वाढवण्याचे पोषक द्रव बदलले होते. त्यात फोलिक आम्ल कमी असेल, तरच खाच उमटते! याच खाचेच्या मागावर राहून १९९१ साली एफएमआर-१ हे जनुक हाती लागले.

‘तपासणीत काही आढळले नाही’ एवढे उत्तर घेऊन परतणाऱ्या आईबापांना ते अखेरचे वाटते. म्हणून माझे मत असे, की ‘दिसले नाही’ असे लिहिणाऱ्याने कोणत्या परिस्थितीत पाहिले, तेही लिहिलेच पाहिजे. मित्रांनो, पोषक द्रव कोणते होते, हे कोणी विचारलेच नसते तर?